जिजाबाईंची लाल नखं

नागपुरात सक्करदऱ्याला आमच्या शेजारी विश्वनाथ बिऱ्हाड घेऊन आले, तेव्हा त्यांच्या आईंनी, जिजाबाईंनी, साठी गाठली होती. सगळं आयुष्य भिवापूरला गेलेलं. नवरा लवकर गेला, घरची शेती थोरल्या दिराच्या, नानाजींच्या हाती राहिली, आणि जिजाबाई वर्षानुवर्षं सातऱ्यावर, मिरची वाळत घालायच्या मोकळ्या जागेवर, बसून वाळत्या मिरचीचे देठ खुडत राहिल्या. घरचीच सून, म्हणून मजुरीही नाही. अंगठ्याच्या नखाखाली तिखट शिरायचं. आग थांबावी म्हणून त्या ताकात हात बुडवून बसायच्या.

नागपूरला मिरची सुटली, पण नखं सुधारली नाहीत. उलट पातळ झाली, त्यांवर उभ्या रेघा उमटल्या, टोकं चिरली. चिरलेलं नख लुगड्यात अडकलं की धागा ओढला जायचा. एकदा भांडी घासताना नख मुळापर्यंत फाटलं, तेव्हा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई स्वतः पिकल्या केसांच्या होत्या. त्यांनी सांगितलं की वय वाढलं की कातडीसारखी नखंही कोरडी पडतात. रेघा आता जायच्या नाहीत. पण नखं आखूड ठेवावीत, आंघोळीनंतर मऊ असताना कापावीत, कडा घासून घ्याव्यात आणि पाण्यातून हात काढला की पुसून खोबरेल चोळावं. जिजाबाई ऐकत होत्या, पण बघत होत्या त्या बाईंच्या गुलाबी रंगवलेल्या नखांकडे.

"हे लावलं तर चालते का मले?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुशाल लावा, फक्त मधूनमधून काही दिवस नखं मोकळी ठेवा.

तिथून आम्ही घरी न येता सीताबर्डीला गेलो. दुकानदारानं विचारलं, सुनेला कोणता रंग आवडतो? जिजाबाईंनी आपला हात काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "माह्यासाठी पायजे." त्यांनी भडक लाल निवडला.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. विधवा बाई कुंकू लावत नव्हती, हिरवा चुडा भरत नव्हती, आणि हिनं नखं लाल केली. विश्वनाथांनी मान खाली घालून सांगितलं की आई, लोक हसून राहिले. जिजाबाई म्हणाल्या, हसू दे.

पुढच्याच महिन्यात नातीला, प्रेमलताला, पाहायला उमरेडचे पाहुणे यायचे होते. घरातले वडील म्हणून नानाजी बायकोला, कौसल्याबाईंना, घेऊन भिवापूरहून आले. आल्या आल्या त्यांची नजर नखांवर गेली. भावजयीशी थेट बोलण्याची त्यांची रीत नव्हती, म्हणून ते विश्वनाथांना म्हणाले की तुझ्या आईला ते खरवडून काढायला सांग, नाहीतर पाहुणे जाईपर्यंत आत बसव.

जिजाबाईंनीही भासऱ्यासमोर, म्हणजे या थोरल्या दिरासमोर, कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी डोक्यावरचा पदर नीट करून त्या बैठकीच्या दारात आल्या.

"नानाजी, तुमच्या सातऱ्यावर हे नखं झिजले, तवा तुमाले नाही दिसले. आता काहून दिसून राहिले?" मग त्या मुलाकडे वळल्या. "तुले मी बोटानं घास भरवला नाही, विश्वनाथ. तिखटानं ओठ भाजायचे तुये. चमच्यानं वाढवलं तुले. मी काही आत बसत नाही."

पाहुणे आले तेव्हा पोह्यांच्या बशा जिजाबाईंनीच नेल्या. मुलाची आई नखांकडे बघत राहिली.

काही दिवसांनी उमरेडहून नकार आला. पत्रिका जुळत नाही म्हणाले. नानाजींनी नात्यात सगळीकडे सांगितलं की जिजानं पोरीचं नशीब बुडवलं. विश्वनाथ बरेच दिवस आईशी बोलले नाहीत. जिजाबाईंना ते लागलं. एकदा माझ्या ओट्यावर बसून त्या म्हणाल्या की पोरीचं खरंच काही वाईट झालं तर मी काय करू, चारू? मला वाटलं आता रंग काढतील. पण रविवारी त्या अंगणातल्या उन्हात बसल्या, नखं कापली, कडा घासल्या, तेल चोळलं आणि पुन्हा रंगवली.

वर्षभरानं प्रेमलताचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी सुवासिनींचं हळद लावून झालं, तशी ती पाटावरूनच म्हणाली, "आजी, तू लाव." जिजाबाई उठल्या, वाटीत बोटं बुडवली आणि नातीच्या दोन्ही गालांना हळद लावली. मांडवाच्या कडेला बसलेले नानाजी चपला घालून निघून गेले. परत त्या घराची पायरी ते चढले नाहीत, आणि जिजाबाईंनीही कधी बोलावणं धाडलं नाही.

कौसल्याबाई मात्र नवऱ्यामागे उठल्या नाहीत. दुपारी बाया पांगल्यावर त्या जावेजवळ आल्या. पायाची नखं वाढून बोटांत रुतत होती, वाकवत नव्हतं, सुनेला सांगायची लाज वाटत होती. "कापून देतं का वं, जिजा?" त्यांनी विचारलं. जिजाबाईंनी घंगाळात कोमट पाणी आणलं, जावेचे पाय त्यात बुडवून ठेवले आणि एकेक नख सरळ कापलं. संध्याकाळच्या गाडीनं कौसल्याबाई एकट्याच भिवापूरला गेल्या.

शेवटच्या वर्षांत जिजाबाईंचा हात थरथरायचा. रंग नखाबाहेर कातडीवर जायचा. मी लावून देते म्हटलं तर कुंचला देत नसत.

"जाते तर जाऊ दे बाहेर," त्या म्हणायच्या. "कोनाले तरास होऊन राहिला?"