श्रावणचा उजवा गाल

मी तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. बाटल्या भरायच्या, पुड्या बांधायच्या, काचेवर मलम घोटायचं. डॉक्टर चिठ्ठीवर लिहीत आणि मी तसं करून देई. डोकं चालवायचं काम माझं नव्हतं. ते मी एकदाच चालवलं, त्रेसष्टच्या चैत्रात, श्रावण पोस्टमनच्या तोंडावर. अजून आठवलं की स्वतःचाच राग येतो.

श्रावण सूर्यमुखी होता. जन्मतःच अंगाला रंग नाही. केस फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखे, भुवया पांढऱ्या, डोळे उजेडात सारखे मिचमिचणारे. बाप कापसाच्या जिनात हमाल होता. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलेलं घर, त्यामुळं पोराची शाळा काही बापानं सुटू दिली नाही. पण आईला उन्हाची धास्ती. शाळेतून आला की आतल्या खोलीत. खिडकीला गोणपाट. श्रावणनं लहानपणी अंगणात दुपार अशी पाहिलीच नाही. नजर अधू, पत्र नाकाला टेकवल्याशिवाय पत्ता वाचता यायचा नाही. असा माणूस पोस्टमन झाला आणि रोज चौदा मैल चालू लागला, तेव्हा सगळं गाव म्हणालं की याला खूळ लागलं. मीही म्हणालो. खोटं कशाला बोलू?

त्याची बीट म्हणजे सातपुड्याकडं जाणारा एकच रस्ता. सरळ उत्तरेला सात मैल, त्यावर चार गावं. सकाळच्या मोटारीनं टपाल आलं की थैली घेऊन निघायचा. शेवटच्या गावात निंबाखाली भाकर खाऊन लवंडायचा आणि ऊन कललं की त्याच रस्त्यानं माघारी. पत्र द्यायचा, वाचून दाखवायचा, कोणाचं उत्तरही लिहून द्यायचा. चारी गावांत त्याची वाट पाहणारी माणसं होती. आदल्या उन्हाळ्यात मात्र त्याच्या तोंडाला दोनदा फोड आले आणि मिळून बावीस दिवस तो अंथरुणावर होता. नोकरी अजून कायम नव्हती. पोस्टमास्तर शालिकराम काही वाईट माणूस नव्हता, पण त्यानं स्वच्छ सांगून टाकलं की वैशाखाच्या शेवटी इन्स्पेक्टर साहेब येणार, ते तोंड पाहणार, आणि याही वर्षी आजारी पडलास तर बीट दुसऱ्याला जाणार.

म्हणून श्रावण औषधाच्या मागं लागला. आणि इथूनच सगळा घोळ सुरू झाला.

आमच्या डॉक्टरांनी त्याला जस्ताचं पांढरं मलम दिलं. त्यांचं म्हणणं असं, की ते कातडीवर भिंतीसारखं बसतं आणि ऊन बाहेरच्या बाहेर परतवतं. जाड थापायचं आणि चालू लागायचं. श्रावण मोटारीनं अमरावतीच्या कातडीच्या डॉक्टरांकडंही जाऊन आला. त्यांनी दिली पाण्यासारख्या औषधाची बाटली. ते म्हणाले, पांढरं थापून माणूस उकडून निघतो, हे कातडीत मुरतं आणि ऊन आतल्या आत गिळतं. पण निघायच्या अर्धा तास आधी लावायचं आणि दुपारी पुन्हा. आमच्या डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, हे थंड हवेच्या ठिकाणी फिरणाऱ्या मडमांचं औषध. आता दोघंही शिकलेले, दोघांच्याही भिंतीवर चौकटीतली सर्टिफिकिटं. कोणाचं ऐकावं?

बरं, दोन्ही औषधांनी छळायचं ते छळलंच. पांढरं लावलं की घाम यायचा, घाम पुसला की हात पांढरा, आणि हात पांढरा की पत्र पांढरं. एका पाटलाच्या घरी लग्नपत्रिका गेली ती पाचही बोटं उठवून. पाटील पोस्टात येऊन तणतणला. पाणी लावलं तर डोळ्यांत चुरचुरायचं, शर्टाची कॉलर पिवळी व्हायची, आणि त्यात स्पिरिट असल्यामुळं वास यायचा. तिसऱ्या गावच्या माणिकबाईनं तर चारचौघांत विचारलं, की बाप्पा, तू सकाळीसकाळी घेऊन येतोस का? शिवाय गावोगावचे वैद्य होतेच. कोणी हळद सांगे, कोणी तूप, कोणी मुलतानी माती. श्रावण सगळ्यांना हो म्हणायचा, आणि संध्याकाळी माझ्या खिडकीशी येऊन दोन्ही बाटल्या समोर ठेवून नुसता बसायचा.

मला ते बघवेना. एक दिवस मी ताडकन म्हटलं, "हे पाय श्रावण, दोघांचंही ऐकू नोको. अर्ध्या तोंडाले हे लाव, अर्ध्याले ते. पंधरा दिवसांत आपोआप कळते."

त्याला पटलं. डाव्या गालाला पांढरं, उजव्याला पाणी. मी स्वतःवर इतका खूश झालो की दवाखान्यात ताठ चालायला लागलो. घरी त्याची बायको वच्छला रोज सकाळी आरसा धरायची, कारण त्याला स्वतःचा गाल नीट दिसायचा नाही. पंधराव्या दिवशी डावा गाल ठीक आणि उजवा लालबुंद, सालपटं निघालेली. झालं! मी आमच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं, पोस्टात सांगितलं, पानठेल्यावरही सांगितलं, की अमरावतीचं पाणी फुकट आहे. दोन्ही गालांना पांढरं सुरू केलं.

आठ दिवसांनी श्रावण आला तर उजवा गाल पुन्हा सोललेला. डावा ठीक.

आता याला काय म्हणावं? औषध एक, तोंड एक, आणि गालांचे दोन न्याय. मी माझं व्हॅसलीन तपासलं, जस्ताची पूड चाळून पाहिली, काच बदलली. मग वाटलं, हा उजव्या कुशीवर झोपत असेल, गोधडी घासत असेल. वच्छलाला विचारलं तर ती म्हणाली, डाव्या कुशीवर झोपतात. मग मी औषधं उलटी केली. डाव्याला पाणी, उजव्याला पांढरं. आणखी आठ दिवस. उजवा पुन्हा भाजला आणि पाणी लावलेला डावा गाल मजेत! म्हणजे पाणी चांगलं? मग पहिल्या खेपेला त्याच पाण्यानं गाल कसा जाळला? पानठेल्यावर मी आता तोंड दाखवेना. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

इन्स्पेक्टर साहेब यायला चार दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी श्रावण खिडकीशी आला आणि मी त्याच्यावरच उखडलो. म्हटलं, तूच लबाडी करतोस, उजव्या गालाचं औषध पुसून टाकतोस, तुला आंधळ्याला दिसत नाही आणि माझी अब्रू जाते. आंधळा म्हटलं मी त्याला. त्यानं दोन्ही बाटल्या थैलीत घातल्या आणि गेला. मला त्या क्षणीच लाज वाटली, पण मागं हाक मारायचं सुचलं नाही. आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छला आली. हातात श्रावणचा खाकी शर्ट, दोन वर्षं वापरलेला, नुकताच धुतलेला. तिनं तो माझ्या टेबलावर पसरला आणि म्हणाली, "भाऊजी, तुमी त्यायच्यावर चिडले म्हणे. मग या शर्टानं कोणतं औषध पुसलं, ते सांगा."

मी पाहिलं. शर्टाची डावी बाही गडद खाकी होती. उजवी बाही आणि उजवा खांदा रंग उडून पार मातकट झालेला. जणू दोन शर्ट मधोमध शिवले होते. मी तरी आधी मठ्ठासारखा बघतच राहिलो. मग उठलो, दवाखान्याच्या अंगणात गेलो आणि सातपुड्याकडं तोंड करून उभा राहिलो. सकाळची वेळ, ऊन माझ्या उजव्या गालावर. मग गर्रकन वळून पाठ सातपुड्याला केली आणि संध्याकाळी सूर्य कुठं असेल तिकडं हात केला. पुन्हा उजवीकडंच! जाताना उजवा, येतानाही उजवा. रांगेतले रोगी माझ्याकडं बघून राहिले होते. महिनाभर मी औषधं पारखत होतो, आणि हा माणूस कोणत्या रस्त्यानं चालतो ते मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो आणि माफी मागितली. पण आता करायचं काय, हे दोघांनाही कळेना. महिन्याभरात आम्ही दोन्ही औषधांची तुलना अशी केलीच नव्हती. पांढरं बरं की पाणी बरं, आम्ही जिथून निघालो तिथंच होतो. फक्त गाल खराब झाला होता आणि साहेब तीन दिवसांवर आले होते.

साहेब आले तेव्हा मला पोस्टात बोलावलं, औषधाचं विचारायला. श्रावण नव्या शर्टात उभा होता. उजव्या गालावर खपल्या. साहेब मनानं चांगले निघाले, हीच खरी अडचण झाली. ते म्हणाले, तुम्हाला काढायची माझी इच्छा नाही, तुम्हाला ऊन सोसत नाही तर आत बसा, टपालावर शिक्के मारा, बीटवर दुसरा माणूस देतो. शालिकरामानं सुटकेचा निःश्वास टाकला. मलाही वाटलं, चला, सुटला बिचारा. श्रावणचं तोंड मात्र उतरलं. साहेब काय देऊ करताहेत ते मला तेव्हा समजलं. गोणपाटाच्या खिडकीची खोली.

श्रावणनं थैलीतून तो जुना शर्ट काढला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"साहेब, हा सरकारचा शर्ट. उन्हानं एका बाजूनं उडाला. तुमी त्याले पेटीत नाई घातलं, वापरू देलं. मलेबी पेटीत नोका घालू. वीस वर्सं मी पेटीतच होतो."

साहेबांनी शर्ट उलटसुलट करून पाहिला. मी पुढं होऊन रस्त्याचं सांगितलं, सकाळचं नि संध्याकाळचं. त्यांनी विचारलं, मग यातलं चांगलं औषध कोणतं? मी म्हटलं, साहेब, खरं सांगू का, मले नाई माहीत. ते हसले नाहीत. बराच वेळ काहीतरी लिहीत बसले आणि मग शालिकरामाला म्हणाले, पोस्टमनला पावसाळ्यात छत्री मिळते, ती याला उन्हाळ्यातही द्या. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा तोंड पाहीन.

तेव्हापासून श्रावण खाली पाणी लावायचा, उजवीकडं वरून पांढरं थापायचा, आणि छत्री उजव्या खांद्यावर तिरपी धरायचा. कोणत्या गोष्टीनं किती गुण आला ते मला विचारू नका. मी ते ठरवायचं सोडून दिलं. पुढच्या वैशाखात तो एकही दिवस आजारी पडला नाही. साहेब आले, त्यांनी त्याला खिडकीशी उजेडात नेऊन दोन्ही गाल पाहिले आणि त्याचे कायमचे कागद वर पाठवले.

पासष्ट साली एक दिवस वच्छला पुन्हा दवाखान्यात आली आणि एक धुतलेला शर्ट माझ्या टेबलावर पसरला. त्याच बीटवरचा, दोन वर्षं वापरलेला. मी खिडकीशी नेऊन नीट पाहिला. दोन्ही बाह्या एकाच रंगाच्या होत्या.