चष्मेवाल्याचा पासवर्ड

गिऱ्हाइकाने दुकानात पाऊल टाकलं की चष्मेवाला आधी त्याचा मोबाईल मागून घ्यायचा, पुढच्या कॅमेऱ्यावर काळ्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा आणि मगच डोळे तपासायला बसवायचा. पट्टी फुकट, सल्लाही फुकट. "डोळ्यांचा नंबर ही खासगी बाब आहे, मी तो कॉम्प्युटरमध्ये कुलपात ठेवतो," असं बजावून तो त्याच गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं इतक्या मोठ्याने वाचायला लावायचा की समोरच्या शिंप्यालाही कळावं, या माणसाला तिसऱ्या ओळीखालचं काही दिसत नाही. गल्लीने त्याचं नाव खासगीराव ठेवलं होतं आणि त्याला ते आवडायचंही.

चष्म्याची सैल दांडी घट्ट करून घ्यायला आलेला माणूस ओपन सोर्सचं प्रवचन ऐकल्याशिवाय सुटत नसे.

"ज्याचा कोड कुणालाही बघायला मोकळा, तेच सॉफ्टवेअर विश्वासाचं!"

"सगळं मोकळं, मग सुरक्षित कसलं हो?"

"कुलूप कसं बनलंय ते जगाला माहीत, पण किल्ली फक्त माझ्याकडे. बनवणाऱ्यालासुद्धा उघडता यायचं नाही!" हे म्हणताना त्याची छाती अशी फुगायची, जणू ते सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलंय.

एका संध्याकाळी बायको म्हणाली, "रविवारी माझी धाकटी बहीण येतेय. आईचं बोलणं ऐकायचंय म्हणते. लावाल ना?"

सासूबाई आजारी होत्या तेव्हा बायकोने त्यांच्या गप्पा मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. खासगीरावाचा जीव वरखाली. घरातलं बोलणं परक्या कंपनीच्या हाती लागलं तर? त्याने सगळं वेगळ्या डिस्कवर घेतलं, मोबाईलवरून पुसलं आणि डिस्कला एन्क्रिप्शनचं कुलूप ठोकलं. पुढे सासूबाई गेल्या. तो आवाज ऐकायचा धीर आजवर कुणाला झाला नव्हता. आता दोघी बहिणींना झाला, तर याला पासवर्ड आठवेना.

पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा नाही, हा नियम त्याचाच. त्यावर तोडगाही त्यानेच काढला होता. रोज कानावर पडणारं अख्खं वाक्यच पासवर्ड केलं की विसरायची भीती नाही. आणि रोज कानावर पडणारं म्हणजे बायकोचं. सकाळी ती त्याला झापायची ते ठेवणीतलं वाक्य. त्यात कान होते, एवढं पक्कं आठवत होतं. पण त्यापुढे काय? संसारभर त्याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलेलं. त्याने 'कान फुटलेत का' टाकून पाहिलं, 'कानात बोळे घातलेत का' टाकून पाहिलं. डिस्क ढिम्म हलेना.

सरळ विचारावं, तर आईचा आवाज कोंडून आपण किल्लीच हरवलीय हे सांगावं लागणार. त्यापेक्षा तिला चिडवावं, वाक्य आपोआप बाहेर पडेल, असा त्याने बेत केला.

सकाळी त्याने ओला टॉवेल गादीवर टाकला. तिने उचलून दोरीवर घातला. गॅसवरचं दूध मुद्दाम उतू जाऊ दिलं. तिने ओटा पुसला. शेवटचा उपाय म्हणून तो बहिरा झाला.

"चहा ठेवू?"

तो गप्प.

"अहो, चहा ठेवू का?"

त्याने डोकं आणखी वर्तमानपत्रात खुपसलं. कान मात्र टवकारलेले. थोड्या वेळाने त्याच्यापुढे चहाचा कप आला. न बोलता.

त्या चहाकडे बघता बघता तो आठवू लागला. ही आपल्यावर शेवटची कधी ओरडली? सासूबाई गेल्यापासून नाहीच. इतके महिने घर कसं शांत आहे म्हणून हा आपला खूश होता. तिला काय होतंय, हे त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"अगं," तो म्हणाला, "आईंचा आवाज माझ्याकडून उघडत नाहीये. पासवर्ड विसरलो."

ती गर्रकन वळली. मग चेहरा लाल झाला.

"उघडत नाही म्हणजे? मी सांगत होते, राहू दे माझ्या मोबाईलवर! शंभरदा सांगत होते! कान आहेत की चष्मा अडकवायच्या खुंट्या?"

"हेच!" तो ताडकन उठला. "पुन्हा म्हण! अडकवायच्या की टांगायच्या?"

"अहो, मी रडतेय इथे!"

"रड, पण आधी सांग! शेवटी प्रश्नचिन्ह घालायचं का?"

"घाला काय घालायचं ते!"

त्याने वाक्य टाइप केलं. प्रश्नचिन्ह घातलं. डिस्क उघडली.

पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये खोकल्याची उबळ आली आणि मग सासूबाईंचा आवाज. "चालू झालं का गं? हं. तर तुझे बाबा चष्मा लावून पेपरात घुसले की हाका मारून माझा घसा बसायचा. मग मी म्हणायचे, कान आहेत की चष्मा अडकवायच्या खुंट्या?" पाठोपाठ रेकॉर्डिंगमधली बायको खळखळून हसली. इकडे खुर्चीतली बायको हमसून हमसून रडत होती, आणि रडता रडता तीही हसायला लागली. खासगीराव तिच्या शेजारी बसून राहिला. त्या दिवशी त्याने दुकान उशिरा उघडलं.

रविवारी धाकटी आली, ऐकून गेली. पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो खरोखरच वर्तमानपत्रात बुडाला होता, आणि स्वयंपाकघरातून ते वाक्य खणखणीत आवाजात आलं. खिडकी सताड उघडी होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी हसलं. पासवर्ड दुसऱ्याच्या कानी पडला की त्याच दिवशी बदलायचा, असं तो गिऱ्हाइकांना बजावत आला होता. त्याने खिडकी लावली नाही, आणि पासवर्डही बदलला नाही.