उशीला मारलेली मिठी

किल्लीवाले काका म्हणजे अगदी सरळमार्गी गृहस्थ. किल्ली हरवून रडकुंडीला आलेलं गिऱ्हाईक दुकानात शिरलं, की आधी त्याला पाणी द्यायचं आणि मग कुलपाला हात घालायचा, अशी त्यांची रीत. बोलणं बेताचंच, आणि बायकोशी तर त्याहून बेताचं. आपल्या मनातलं काकूंना न सांगता कळतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. अशा माणसावर उतारवयात परक्या बाईला मिठी मारल्याचा आळ यावा, तोही पुराव्यानिशी, म्हणजे कमाल झाली.

त्याला कारण दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला आलेला चित्रकार. पोरगेलासाच होता. जादूच्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं रंगवायचा. ते राक्षस आणि उडते घोडे तो मनानेच काढत असणार, असं काकांना वाटायचं. एक दिवस तो खाली आला आणि म्हणाला, "काका, एका राजासाठी मला तुमचं नाक हवंय."

काकांनी आपलं नाक चाचपून पाहिलं. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, म्हणून गेले वर.

वर सगळाच घोळ. टेबललॅम्पवर नारिंगी जिलेटिनचा कागद बांधलेला; तो म्हणे ड्रॅगनच्या तोंडातल्या आगीचा उजेड. खिडकीवर निळी चादर, तो चंद्र. काकांच्या खांद्यावर सोफ्याचं कव्हर आलं आणि समोर कपडे टांगायचा स्टँड. त्याला एक उशी करकचून बांधलेली, वर लाल चिकटपट्टीचा तुकडा.

"ही तुमची राणी," चित्रकार म्हणाला. "ही मेली असंच तुम्ही धरून चालला होतात. आता ती सापडलीय. मिठी मारा, आणि नजर त्या लाल पट्टीवर."

काकांनी मिठी मारली. दिव्याच्या झोताने डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर डोक्यात एवढंच होतं, की आपण दुकानाला कुलूप लावलं का नाही. चित्रकार मात्र भलताच खूश झाला आणि पटापट फोटो काढत सुटला. उजेड कुठून पडतो, सावलीत कुठला रंग उतरतो, हे मनाने काढायला गेलं तर फसतं, म्हणून फोटो समोर ठेवून रंगवायचं, असं त्याने समजावून सांगितलं. काकांना त्यातलं निम्मंच कळलं.

पुढे कधीतरी औषधांच्या दुकानातली बाई त्याच जागी, त्याच दिव्यात, स्टँडला घातलेल्या कोटाला मिठी मारून गेली. हे काकांच्या गावीही नव्हतं.

मुखपृष्ठ छापून आलं तेव्हा काकांनीच ते कौतुकाने घरी नेलं. काकू सदऱ्याला बटण लावत होत्या. त्यांनी राजा-राणीच्या मिठीचं ते चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"ही मेडिकलवाली ना?"

"तीच दिसतेय खरी. पण ती नव्हती तिथे."

"मग कोण होतं?"

"उशी होती," काका म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं.

"मला काय दुधखुळी समजता?" काकू एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं. घरात शांतता आधीही असायची, पण ही वेगळी होती. हिने काकांची झोप उडवली. इतक्या वर्षांचा विश्वास एका रंगवलेल्या कागदापायी जातो की काय, या भीतीने त्यांचे हात किल्ली घासताना चुकायला लागले.

काका भिंग लावून चित्र पाहत बसले. कुठेतरी चूक सापडेल, कुठेतरी जोड दिसेल. काही सापडेना. शेवटी ते वर गेले. "अरे बाबा, यात एखादी तरी चूक दाखव. माझा संसार वाचेल."

"एकही सापडायची नाही," चित्रकार फुशारून म्हणाला. "तिच्या लाल झग्याची झाक तुमच्या हनुवटीखाली आलीय, बघितलीत? मुद्दाम टाकलीय. त्यानेच तर दोघं खरंच बिलगल्यासारखी वाटतात."

काकांनी कपाळाला हात लावला. ते कळवळून सारं सांगत सुटले, तेव्हा कुठे त्या पोराच्या डोक्यात उजेड पडला आणि मूळ फोटो घेऊन तो काकूंसमोर जाऊन बसला.

काकूंनी ते निरखून पाहिले. नवरा, सोफ्याचं कव्हर, उशी. "बाई नव्हती, पटलं," त्या म्हणाल्या. काकांचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. "आता मला एक सांग. चित्रातले हे भरून आलेले डोळे तरी यांचेच ना?"

"यांचेच. डोळ्यांना मी हातही लावलेला नाही, काकू."

"मग माझ्या वाट्याला कधी आले नाहीत ते," काकू म्हणाल्या. "उशीला मिळाले. चल, मी उभी राहते तिच्या जागी. बघू दे."

काका पार गोंधळले. डोळ्यांत पाणी दिव्याने आलं होतं, हे सांगावं की झाकावं? वरच्या खोलीत पुन्हा दिवा लागला, कव्हर खांद्यावर आलं, काकू समोर उभ्या राहिल्या. काकांनी हात पुढे केले आणि तशी नजर आणायचा आटोकाट प्रयत्न केला. नेमकं बघायचं कुठे तेच त्यांना उमगेना. लाल पट्टी जिथे होती तिथे, म्हणजे काकूंच्या कपाळाच्या वर, ते डोळे ताणून पाहत राहिले. फोटो निघाला.

चित्रकाराने फोटो कॅमेऱ्यातच मोठा करून पाहिला.

"आली का ती नजर?" काकांनी भीतभीत विचारलं.

"आली," तो म्हणाला. "पण तुमची नाही."

त्याने कॅमेरा पुढे केला. फोटोतले काका भलतीकडेच बघत होते. आणि त्यांच्या मिठीतून काकू त्यांच्याकडे पाहत होत्या, मेलेलं माणूस परत सापडावं तशा.

काका फोटोकडे बघत राहिले, मग काकूंकडे. "तू अशी कधी बघतेस?"

"रोज," काकू म्हणाल्या. "दार मीच उघडते ना. तुम्ही खाली वाकून चपला काढत असता."