टिकलीअण्णा

बेंगळुरातल्या चिकपेटेत दर महिन्याला टिकल्यांची डझनभर पाकिटं विकत घेणारा एकच पुरुष होता, आणि तोही विधुर. लाल, गोल, मध्यम. खडे नकोत, चमक नको. टिकल्या विकणारी बाई त्यांना लांबून पाहिलं की पाकिटं काढून ठेवायची आणि ते पाठमोरे झाले की शेजारच्या बांगडीवाल्याकडे बघून भुवया उडवायची. त्या भुवया मीही उडवल्या आहेत. मी तेव्हा पस्तिशीची होते, पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत एका स्टॅबिलायझरच्या कारखान्यात सोल्डरिंग करत होते, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

मुलाचा टीव्ही गेम बिघडला म्हणून मी त्यांच्या, म्हणजे टिकलीअण्णांच्या, दुकानात गेले. दुकान म्हणजे साड्यांच्या दोन गोदामांच्या मधली बोळ. एक टेबल, एक जुना टीव्ही, एक त्याहून जुना कॉम्प्युटर आणि भिंतीला टीव्ही गेमच्या कॅसेटांचे मनोरे. मी कॅसेट पुढे केली आणि सवयीने तिच्या तोंडात जोरात फुंकर मारली. सगळे तेच करायचे. अण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"अक्का, फुंकर जखमेवर मारायची, कॅसेटवर नाही. थुंकी आत जाते, तांबं हिरवं पडतं."

मग कापसाला स्पिरिट लावून त्यांनी तांब्याची पट्टी पुसली आणि गेम चालू झाला. मला राग आला. पीण्यात चार वर्षं सोल्डरिंग करणाऱ्या बाईला हे सांगणारे कोण, असं माझ्या नाकावर लिहिलेलं असणार, कारण त्यांनी शांतपणे एक उघडी पट्टी पुढे सरकवली. "या चिपेचे अठ्ठावीस पाय बसवून दाखवा." मी बसवले. भिंगातून बघून ते म्हणाले, "सरी." कानडीत ठीक. "रविवारी येत जा."

मी रविवारी जाऊ लागले. धुतलेली साडी नेसून, पावडर लावून. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचे, "टीव्ही गेमला पावडर लागते का?" मी सांगायचे, घाम येतो. घाम डिसेंबरातही यायचा. हसा, मीही हसते. त्यात काही नव्हतं. मला फक्त कुणीतरी "सरी" म्हणायला हवं होतं, आणि बेंगळुरात तो एकच माणूस ते भिंगातून बघून म्हणायचा.

टिकल्यांचं कोडं तिथे सुटलं. अण्णा गेम नुसते दुरुस्त करत नव्हते, ते बदलायचे. परदेशी गेममधला उड्या मारणारा माणूस काढून तिथे आपला फेटेवाला घालायचा. ढगांच्या जागी चिकपेटेतल्या विजेच्या तारा, राक्षसांच्या जागी डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, खाऊच्या जागी चिरोटी. खड्डे मात्र मूळचेच ठेवायचे. "खड्डे बाहेरून आणायची बेंगळुराला काय गरज," म्हणायचे. बदललेला गेम एका चिपेत भरायचा. त्या चिपेच्या पाठीवर काचेची इवली खिडकी असते. खिडकीवर एका खास दिव्याचा जांभळा उजेड पाडला की चिप सगळं विसरते, पुन्हा भरायला कोरी. म्हणून भरलेल्या चिपेची खिडकी झाकून ठेवायची. बाकीचे काळी चिकटपट्टी लावत. अण्णांना टिकली सापडली होती. मापात बसते आणि नखाने निघते.

"लक्षात ठेवा अक्का. टिकली आहे म्हणजे आत कुणीतरी आहे. टिकली नाही म्हणजे रिकामी."

मी लक्षात ठेवलं. तेच पुढे नडलं.

बदल करण्याबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं. चिपेत जागा ठरलेली. आठ चौकोन लांब, आठ चौकोन रुंद; मूळ चित्राला जेवढी जागा, तेवढीच नव्याला. "दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहायचं तसं हे. भिंत पाडायची नाही, कॅलेंडर बदलायचं. आपण इथले मराठे साडेतीनशे वर्षं दुसरं काय करतोय?" म्हातारपणी त्यांच्याकडे दाढीवाली, लॅपटॉपवाली पोरं येऊ लागली. त्यांनी सांगितलं की याला मॉड म्हणतात आणि जगभर लोक हौसेने करतात. अण्णा त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंत? आपल्याला वाटत होतं आपण चोरी करतोय."

त्यांची मुलगी मंजू. आई नसलेलं पोर दुकानातच वाढलं, टेबलाखाली अभ्यास आणि टेबलावर आलेखाच्या वहीत चौकोन रंगवणं. हमालांची चित्रं तिचीच. कपाळावर हिरवी टिकली लावायची. दुकानातली लाल तिला चालत नसे. "ती चिपांची," म्हणायची. बापाला खेळताना बघणं हा तिचा आवडता उद्योग. अण्णा गेम बनवण्यात उस्ताद आणि खेळण्यात ठार अडाणी. ते खड्ड्यात पडले की ती टाळ्या पिटायची. "अप्पा, तुमच्याच खड्ड्यात?"

एकोणिसाव्या वर्षी तिने एक अख्खा गेम स्वतः बदलला. शेवटची लेव्हल वहीत काढली नाही, थेट कॉम्प्युटरवर केली, अप्पांना दिसू नये म्हणून. चिपेत भरली, खिडकीवर स्वतःच्या कपाळावरची टिकली चिकटवली आणि माझ्यादेखत त्यांच्या हातात दिली.

"एकट्याने खेळायचं नाही. मी पुढे बसणार. तुम्ही कुठे पडता ते मला बघायचंय."

"रविवारी खेळू," अण्णा म्हणाले.

शुक्रवारी तिला ताप आला. चार दिवसांत ती गेली.

अण्णांनी दुकान दहा दिवसांनी उघडलं आणि कापसाने पट्ट्या पुसायला लागले. ती चिप त्यांनी खेळून पाहिली नाही. कॉम्प्युटर वर्षभरात मेला आणि त्यातलं सगळं गेलं. उरली ती एक चिप. मी एकदा म्हटलं, "अण्णा, निदान एक नक्कल काढून ठेवा." ते म्हणाले, "नक्कल काढली की चालते का ते बघावं लागतं. बघितलं की संपेल. आत्ता तिचं काहीतरी बाकी आहे, अक्का. बाकी राहू दे." चिप कुठे ठेवली आहे ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जाताना खेळेन, एवढं म्हणाले होते. जाताना म्हणजे कुठे, ते मला कळलं होतं.

आता माझा पराक्रम. मंजूला जाऊन दोन वर्षं झाली होती. अण्णा तुमकूरला एका लग्नासाठी गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. मी चव्वेचाळिशीची, उत्साहाचा धबधबा. म्हटलं, ते येईपर्यंत दुकान असं लखलखीत करू की माणूस "सरी"च्या पुढे काहीतरी बोललाच पाहिजे. धूळ काढली, मनोरे लावले, खण उपसले. सापडतील तेवढ्या बिनटिकलीच्या चिपा गोळा केल्या, पुसून कोऱ्या तयार ठेवाव्यात म्हणून. एका खणात तळाशी गंजलेली कंपासपेटी होती. तिच्यात एकच चिप, बिनटिकलीची. मला वाटलं, अण्णांचा धांदरटपणा. बाकीच्यांबरोबर तीही दिव्याच्या पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि वीस मिनिटं समोरच्या हॉटेलात कॉफी प्यायले. कॉफी चांगली होती. ते का आठवतं कोण जाणे.

परत येऊन कंपासपेटी पुसायला घेतली तर तळाला काहीतरी चिकटलेलं. नखाने काढलं. वाळलेली, आक्रसलेली हिरवी टिकली.

मी काय केलं ते सांगते. ओरडले नाही, रडले नाही. गोंदाचा एक ठिपका घेतला, ती टिकली त्या चिपेच्या खिडकीवर नीट मध्यभागी बसवली, फुगवटा राहू नये म्हणून बोटाने दाबली आणि चिप कंपासपेटीत ठेवून पेटी जागच्या जागी ठेवली. एवढं सुबक काम मी पीण्यात कधी केलं नव्हतं. अण्णा परत आले, चारी बाजूंनी दुकान बघितलं आणि म्हणाले, "बेश." पहिल्यांदाच. त्या शब्दासाठी मी नऊ वर्षं पावडर लावली होती.

त्यानंतर वीस वर्षं मी गप्प बसले. आज सांगीन, उगादीला सांगीन, आमच्या ह्यांचं ऑपरेशन होऊ दे मग सांगीन. सांगायच्या ऐवजी पुरणपोळ्या नेत राहिले. एकदा डबा उघडून अण्णा म्हणाले, "अक्का, एवढं गोड का आणता? काही पाप केलंय का?" मी इतकी हसले की मला ठसका लागला. त्यांनी पाणी दिलं.

इमारत विकली गेली, बोळ बुजली. अण्णा के. आर. पुरमला पुतण्याकडे राहायला गेले. मग त्यांची फुप्फुसं गेली. गेल्या वर्षी पुतण्याचा फोन आला, "काका तुम्हाला बोलावतायत. गेमचं सामान माळ्यावरून काढून ठेवा म्हणाले."

मेट्रोत बसून मी खोटं घोकत गेले. ते तयारच होतं, कित्येक वर्षांपासून: अशा चिपा वीस-पंचवीस वर्षांत आपोआपही विसरतात. हे मला अण्णांनीच शिकवलं होतं.

ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. नाकात ऑक्सिजनची नळी. समोर माळ्यावरचा जुना टीव्ही, टीव्ही गेम आणि मांडीवर कंपासपेटी. एवढ्या मोठ्या हाडांचा माणूस, शर्टात कुणी नसल्यासारखा दिसत होता.

"आज खेळू," ते म्हणाले. "हात थरथरतो. तुम्ही लावून द्या. स्वल्प पुढे सरकवा टीव्ही."

त्यांच्या तपासणीच्या कॅसेटला वरच खोबण होती. तिच्यात चिप दाबून बसवायची. मी बसवली. हिरवी टिकली वर. त्यांनी गेमचा रिमोट दोन्ही हातांत धरला, शाळकरी पोरासारखा. मी बटण दाबलं.

पडदा राखाडी झाला आणि राखाडीच राहिला.

"पाय वाकला असेल." मी चिप काढली, पाय सरळ करण्याचं नाटक केलं, बसवली. राखाडी. त्यांनी स्पिरिट आणि कापूस दाखवला. मी पुसलं, चांगलं घासून पुसलं. राखाडी.

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फुंकर मारून बघा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मारा अक्का. माझ्यात फुंकर उरली नाही."

मी कॅसेट तोंडाशी धरली आणि फुंकर मारली. लावली. काढली, पुन्हा मारली. तिसऱ्यांदाही मारली. ते दर वेळी थोडे पुढे वाकायचे आणि नळी ताणली जायची.

शेवटी ते मागे टेकले. "जुनी झाली. विसरली असेल." दम घेऊन, "चूक माझी. मी वेळेवर बघायला हवी होती. ठेवून ठेवून मीच घालवली."

माझं खोटं त्यांनीच बोलून टाकलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. पण त्या खोट्यात दोषी म्हणून ते स्वतः जाऊन बसतील, हे मी घोकताना धरलं नव्हतं.

"अण्णा, मी पुसली," मी म्हटलं. "तुम्ही तुमकूरला गेला होतात तेव्हा. टिकली गळून पेटीच्या तळाला चिकटली होती. मला रिकामी वाटली."

शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"किती वेळ ठेवली होतीत?"

"वीस मिनिटं."

त्यांनी ते मनात तपासलं. भिंगातून पट्टी तपासायचे तसं.

"मग काही उरलं नसणार," ते म्हणाले. मग, "टिकली तुम्ही लावलीत?"

"हो."

"मध्यभागी आहे. तिची जरा कडेला होती. मला वाटायचं, माझीच नजर गेली."

मी टीव्ही बंद करायला उठले. "राहू दे," ते म्हणाले. पुतण्याची बायको कॉफी घेऊन आली. "अय्यो, रिकामाच टीव्ही लावून बसलात?" अण्णांनी रिमोट सोडला नव्हता. तिच्याशी नाही, माझ्याशीही नाही, पडद्याशी बोलल्यासारखे ते म्हणाले, "मी कुठे पडतो ते तिला बघायचं होतं. बघितलं असेल."

मी निघताना "येते" म्हटलं. एरवी ते "रविवारी" म्हणायचे. त्या दिवशी काही म्हणाले नाहीत. अकरा दिवसांनी गेले. कंपासपेटी पुतण्याने माझ्याकडे पाठवली, काकांनी सांगितलं म्हणून की आपणहून, ते त्याने सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता मी घरी जुने टीव्ही गेम दुरुस्त करते. सोसायटीतली पोरं आजोबांच्या माळ्यावरून काढून आणतात. गेम बदलून द्यायला मी नातीकडून शिकले. आता चिपा लागत नाहीत, उजेडाचीही भीती नाही, सगळ्याच्या दहा नकला निघतात. परवा एकाने कॅसेट काढली आणि गाल फुगवले. मी ती त्याच्या हातातून घेतली.

"का आज्जी?"

"थुंकी आत जाते. तांबं हिरवं पडतं," मी सांगितलं. तेही खरंच आहे.