अंबूताईंची उलटतपासणी

अंबूताई नाडगीर हुबळीच्या कोर्टात वकिली करतात. लग्न केलं नाही. देशपांडे नगरात धाकटा भाऊ प्रभंजन आणि भावजय श्रीलक्ष्मी यांच्याबरोबर राहत असत. पंचेचाळिशी उलटल्यावर सकाळी त्यांची बोटं सुजायला लागली. मग तोंडात फोड, उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टे, आणि कोर्टाचा जिना चढताना मध्येच बसावं लागे असा थकवा.

तपासण्या झाल्या. एक पॉझिटिव्ह, बाकीच्या धड इकडे ना तिकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीर स्वतःवरच उलटतंय, एवढं दिसतंय. ल्युपस असेल, दुसरं काही असेल. आज नाव सांगितलं तर उद्या खोटं ठरेल." त्यांनी मलेरियाला देतात तीच एक गोळी सुरू केली.

नाव नाही म्हणजे आजार नाही, असा निकाल प्रभंजननं दिला. स्वतःला सर्दी झाली की अख्ख्या घराला कुजबुजत बोलायला लावणारा हा गृहस्थ! श्रीलक्ष्मी शेजारणींना सांगे, पोळ्यांची वेळ झाली की नणंदबाईंची बोटं बरोबर सुजतात. शेजारणी खुदखुदत; अडल्या वेळी कायद्याच्या सल्ल्याला मात्र त्यांना ह्याच नणंदबाई लागत.

एका रविवारी प्रभंजननं सुधींद्र नावाचा एक उपचारक हॉलमध्ये आणून बसवला. हा पूर्वी कोप्पीकर रोडवर मोबाइलची कव्हरं विकायचा. आता लोकांच्या मनाच्या गाठी सोडवतो.

"अक्का, सगळं मनातनं येतंय म्हणतात हे," प्रभंजन म्हणाला.

अंबूताई खुर्ची ओढून सुधींद्रसमोर बसल्या. "काय आहे माझ्या मनात?"

"राग, ताई. दाबलेला."

"माझे रिपोर्ट वाचलेत?"

"त्याची गरज नसते."

"मला याआधी कधी पाहिलंत?"

"नाही. आजच."

"मग राग दाबलाय हे कुणी सांगितलं?"

सुधींद्रनं प्रभंजनकडे पाहिलं.

"आता तू सांग," अंबूताई भावाकडे वळल्या. "माझ्याबरोबर दवाखान्यात कधी आलास?"

"कामं असतात की, अक्का."

"दवाखाना आपल्या गल्लीच्या तोंडाशी आहे."

प्रभंजन कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला. "साकु, पुरे झालं," म्हणत त्या उठल्या. जिन्याच्या कठड्याला धरून वर गेल्या. भांडणानं तब्येत दोन दिवस बिघडली, हेही खरं.

पुढच्याच महिन्यात त्यांनी गावाच्या टोकाला, उणकलला, दोन खोल्या घेऊन वेगळं बिऱ्हाड केलं. भाचीच्या, प्रभंजनच्या रूपाच्या, साखरपुड्याला त्यांना बोलावणं आलं नाही. त्या दिवशी त्या रडल्या, पण रूपासाठी. बाकीच्यांची रडण्याइतकी लायकी त्यांना दिसली नाही.

आता त्या दुपारच्याच केसेस घेतात. मूत्रपिंडासाठी दर सहा महिन्यांनी लघवी तपासायची, आणि त्या गोळीमुळे वर्षातनं एकदा डोळे. मागच्या वेळी त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पुढं काय होईल?"

"माहीत नाही, अंबूताई."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढची तारीख घेऊन घरी गेल्या.