बायकांना न झेपणारी थंडी

जपानच्या हिमोत्सवात, बर्फाच्या महालासमोरून एक जपानी आजी चालली होती. कमरेत वाकलेली, पण नात बसलेली घसरगाडी एका हाताने ओढत होती आणि दुसऱ्या हातातलं आइस्क्रीम मजेत चाटत होती. तिला बघून माझी थंडी पळाली आणि राग यायला लागला.

तरुणपणी आमच्या ह्यांना कंपनीने जपानला पाठवलं, तेव्हा मीही येते म्हटलं होतं. हे म्हणाले, "अगं, तिथली थंडी बायकांना झेपत नाही. कोणी नेतच नाही." आणि मी शहाणी! मान डोलावली, ह्यांच्यासाठी स्वेटर विणला, वर बिल्डिंगभर सांगत फिरले, "बायकांना मनाईच आहे हो तिकडे!" माझ्या पाठीमागे किती हसल्या असतील सगळ्या!

"आई, बाबांची आठवण आली का गं?" मला इथे फिरायला घेऊन आलेल्या लेकीने हळूच विचारलं.

"आली ना, चांगलीच आली. समोर असते तर इथेच बर्फात पुरलं असतं त्यांना."

पण भांडायला माणूसच उरला नाही, ही दुसरी फसवणूक.

मी पुन्हा महालाकडे पाहिलं. चार दिवसांनी पाडायचा, तरी कोणीतरी प्रत्येक खिडकीची जाळी कोरली होती, मागच्या बाजूचीसुद्धा, जिकडे कोणी फिरकत नाही. आणि मी जन्मभर खरी मानलेली ती थाप? ती ह्यांनी चहा पिता पिता, पेपरातून मान वर न काढता मारली होती. फसवलंत ते फसवलंत, पण माझ्यासाठी थोडी मेहनत तरी घ्यायची होती हो!