माळावरची नव्व्याण्णव रोपं

खड्ड्यात पाला साठतो तसे किस्से साठतात. वर नवा टाकला की खालचा दबतो, काळा पडतो, आणि कधीतरी हात घातला तर अजून गरम लागतो! ऐंशी सालच्या आसपास मी खानापूरबाहेरच्या एका सरकारी नर्सरीत होतो. माणसं चार-पाच, रोपं हजारो. मी फारसा बोलायचो नाही, म्हणून बाकीच्यांचं बोलणं माझ्याकडं साठत गेलं.

*

कामावर घेताना रेंजर साहेबांनी विचारलं, "शिक्षण किती?"

"तिसरी. तीबी अर्धी."

"झाडं ओळखतोस?"

"व्हय साहेब. पानावरनं."

"आणि पानं गळल्यावर?"

साहेबांनी घड्याळ बघितलं.

"मग थांबतो साहेब. पालवी फुटंपर्यंत."

साहेब हुबळीकडचे कानडी, मराठी अडखळत बोलायचे. कारकुनाला म्हणाले, "याला घ्या. इथं फक्त याचंच बोलणं मला समजतंय!"

*

पारूआक्का आमची मुकादम. रोपांच्या पिशव्या भरणाऱ्या बायका तिच्या हाताखाली. साहेबांनी माप ठरवून दिलं होतं: दोन पाट्या माती, एक वाळू, एक खत. आक्का मात्र मूठभर माती घेऊन वास घ्यायची.

एकदा म्हणाली, "ही भरायची न्हाय. अजून आठ दिस झोपू दे तिला."

"वासावरून कसं समजतं?" साहेब म्हणाले.

"तुमच्या घरात भात शिजला का न्हाय, ते माप लावून बघताय व्हय?"

साहेबांनी रजिस्टरात इंग्रजीत काहीतरी लिहिलं. आम्ही कारकुनाकडून अर्थ काढून घेतला. 'माती झोपली आहे. काम आठ दिवस बंद!'

*

माझीही फजिती सांगतो. ऑर्डर होती, रोपांना रोज सकाळी पाणी. मी ऑर्डर मोडणारा माणूस नव्हे. श्रावणात एकदा धो धो पाऊस लागला, तरी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन मी झारीनं पाणी घालत होतो.

आक्का शेडमधून ओरडली, "मारुती, सावकाश रं! आभाळाचं झालं म्हंजे मग तू घाल!"

*

मग बेळगावचे मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून निरोप आला. आमच्या साहेबांनी हुकूम सोडला, "नर्सरी स्वच्छ करा. पाला सगळा जाळून टाका."

आक्का पाल्याच्या ढिगावर जाऊन बसली. काडेपेटी तिच्याच कमरेला.

"ऊठ आक्का," साहेब म्हणाले.

"जाळायचा आसंल तर माझ्यासकट जाळा."

"अगं, वाळका पाला आहे तो!"

"साहेब, पाला जाळला की धूर होऊन वर जातोय. कुजवला की मातीत ऱ्हातोय. तुम्हास्नी झाडं आभाळात लावायची हैत काय?"

साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. तपासणीच्या दिवशी त्या ढिगावर ताडपत्री होती आणि मोठ्या साहेबांना त्यावरच बसवून चहा दिला. जाताना ते म्हणाले, "बैठक फार मऊ आहे. काय घातलंय आत?"

*

आता माळाचं. नाल्यापलीकडं आक्काच्या गावाचा उघडा माळ होता. लहानपणी तिनं तिथं जांभळं वेचली होती. आता नुसता मुरूम. साहेबांच्या मागं लागून तिनं तिथं शंभर रोपं लावून घेतली.

गावातले गंगाप्पा, सगळ्यांचे आप्पा, भडकले. त्यांची चाळीस शेरडं त्याच माळावर चरायची. शेवटी गावानं ठरवलं, एक उन्हाळा बघायचा. मेलेल्यांपेक्षा जगलेली जास्त भरली तर सगळा माळ झाडांना, न्हायतर शेरडांना.

आक्कानं कुजलेल्या पाल्याच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या आणि एकेका बुडाशी घातल्या. एक रोप गंगाप्पांच्याच शेरडीनं खाल्लं. ते गावानं मोजणीतनं काढलं. राहिली नव्व्याण्णव.

वैशाखात बघायचा दिवस आला. माळावर नुसत्या काड्या! पान एकाला नाही. आक्का म्हणाली, "साल जराशी खरवडायची. आत हिरवं आसलं तर जित्तं."

"मी सोता खरवडणार," गंगाप्पा म्हणाले. "तुझा काय भरवसा!"

आक्का खाली बांधावर बसली, माळाकडं पाठ करून. तिला बघवेना. गंगाप्पा पुढं, मी मागं. जगलेल्याचा खडा उजव्या खिशात, मेलेल्याचा डाव्या.

आप्पांनी सुरुवात कोयत्यानं केली. दहा-बारा रोपांनंतर कोयता कमरेला अडकवला आणि नखानं खरवडू लागले. पुढं पुढं तर खरवडायच्या आधी काडीला दुसऱ्या हातानं धरायला लागले.

अठ्ठ्याण्णव झाली. मी खाली बसून दोन्ही खिसे मोजले. एकोणपन्नास, एकोणपन्नास.

"किती?" आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी लांब चरणाऱ्या आपल्या शेरडांकडं बघितलं. मग शेवटच्या काडीपुढं उकिडवे बसले. वर खरवडलं. मधे खरवडलं. बुडाशी खरवडलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. सगळीकडं वाळकं, तपकिरी लाकूड.

आप्पांनी आळ्यातला काळा पाला चिमटीत घेतला, त्यावर थुंकले आणि पोराच्या खरचटलेल्या गुडघ्याला लावावं तसं तिन्ही जागी लिंपलं.

मी खडा हातात घेऊन तसाच उभा.

"बघतोस काय?" आप्पा खेकसले. "जित्तं हाय. टाक की उजव्या खिशात!"